डाव्या पायाखालच्या पट्ट्या

त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते माहीत होतं आणि आतून आवडायचंही. सायकलचं दुकान चालवणारा माणूस, पण दुकानात पाऊल टाकलेल्याला सायकल दाखवायच्या आधी हा त्याला बूट काढायला लावून भिंतीला पाठ टेकवून उभा करायचा. उंची, खांद्यांची रुंदी, हाताची लांबी, जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी, दोन्ही मांड्यांचा घेर, सगळं बैजवार. नुसता पंक्चर काढायला आलेला माणूसही कधी कधी अंगाचं माप देऊन परत जायचा. “अहो, मला फक्त हवा भरायची होती,” असं एकजण खरंच काकुळतीला येऊन म्हणाला होता. त्यावर हा म्हणाला, “भरू की. आधी सीट दोन मिलिमीटर वर घेऊ.”

आणि गंमत अशी की ते दोन मिलिमीटर खरे निघायचे. वर्षानुवर्षं गुडघा धरून बसलेली माणसं याच्याकडून जायची आणि आठवड्याने हसत यायची. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचं सगळं साम्राज्य होतं. अंगणाकडे उघडणारी एक खिडकी, सायकल जागेवरच चालवता यावी म्हणून मागचं चाक अडकवायचा ट्रेनर, त्याच्यासमोर माणसाच्या उंचीचा आरसा, आणि छताच्या हुकाला गवंडी वापरतात तसला ओळंबा. गिऱ्हाईक ट्रेनरवर बसलं की हा खाली उकिडवा बसून त्याच्या गुडघ्याला ओळंबा लावून बघत राहायचा. भिंतीशी लाकडी खण होते. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक जाड कार्ड, त्यावर तारीख, तक्रार काय, माप काय, केलं काय. निळी शाई, टपोरं अक्षर. बावीस वर्षांची कार्डं होती ती.

त्याचा एक नियम होता, आणि या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे म्हणून तो नीट सांगायला हवा. माणसाच्या शरीराला तो कधीही नाव ठेवायचा नाही. कुणी म्हणालं, “माझा एक पाय आखूड आहे हो,” की हा म्हणायचा, “पाय बरोबर आहे, पेडल लांब आहे.” कुणी म्हणालं, “माझी पाठच वाकडी,” तर याचं उत्तर, “पाठ झकास आहे, हँडल खाली गेलंय.” मग बुटाखाली पातळ पट्टी घाल, सीट सरकव, हँडलखाली कडी चढव, असं करत तो सायकल त्या वाकडेपणाभोवती अशी बेतायचा की वाकडेपणा दिसेनासाच व्हायचा. जन्मभर स्वतःला बेढब समजत आलेली माणसं त्याच्या आरशासमोरून ताठ होऊन उतरायची. हे त्याने बापाकडून उचललं होतं. बाप शिंपी. एका खांद्याने झुकलेल्या हेडमास्तरांच्या कोटात त्याने असा बेमालूम कापूस भरला होता की मास्तर आरशासमोरून हलेनात. टेबलाखाली टाचण्या गोळा करणाऱ्या पोराने ते पाहिलं आणि जन्माचं शिकून घेतलं. चांगलीच गोष्ट होती ती. तिच्यात वाईट काय, हे कळायला त्याला पन्नाशी उलटावी लागली.

त्याला एक बहीण होती, अकरा वर्षांनी धाकटी. लहानपणी गुबगुबीत म्हणून तिला ढमी म्हणत. आता त्रेचाळिशीची, अंगावर गुंजभर चरबी नाही, तारेसारखी ताठ, तरी नाव ढमीच राहिलं. तलावावर पोहणं शिकवायची. तिचा आवाज असा की काठावर घाबरून उभी असलेली पोरं पाण्यापेक्षा तिला भिऊन उडी मारायची. लग्नाचं कुणी नाव काढलं की म्हणायची, “आधी पोहायला येतं का विचारा त्याला.” त्यामुळे ते राहूनच गेलं. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, रोज सकाळी तलावावरून येताना ओल्या केसांनी भावाच्या दुकानात शिरायची, वहिनीने पाठवलेला चहा उभ्याउभ्या प्यायची आणि भावाच्या नावाने खडे फोडून जायची. “दादा, मोजलास का चहा? दोन मिलिमीटर कमी आहे.”

तिला ट्रायथलॉनचं वेड होतं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये थांबायचं नाही. छोट्या शर्यती तिने बऱ्याच केल्या होत्या, दादाने बसवून दिलेल्या जुन्या साध्या सायकलवर. आता तिला मोठी करायची होती. पावणेचार किलोमीटर पाणी, एकशे ऐंशी किलोमीटर सायकल आणि वर बेचाळीस किलोमीटर धाव. “त्रेचाळिसाव्या वर्षी?” वहिनी म्हणाली. “चव्वेचाळिसाव्या,” ढमी म्हणाली, “शर्यत पुढच्या वर्षी आहे.”

त्याच सुमाराला एका सकाळी ती म्हणाली, “दादा, माझा डावा पाय पेडलवर नीट बसत नाही. टाच आत वळते. बघ ना जरा.”

बघ म्हटल्यावर काय, याला तेवढंच हवं. तिला ट्रेनरवर बसवलं, ओळंबा लावला. शर्यतीच्या सायकलला बूट पेडलमध्ये खटकन अडकतो, बुटाच्या तळाला त्यासाठी एक खटका असतो. त्या खटक्याखाली त्याने दोन मिलिमीटरची पट्टी घातली. टाच सरळ झाली. कार्डावर लिहिलं: डावी टाच आत, पट्टी दोन. तारीख घातली. ढमी खूश.

तीन महिन्यांनी ती परत आली. डावा गुडघा बाहेर जातो म्हणाली, आणि डावं पाऊल लवकर थकतं. त्याने दोनाची चार केली, वर एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ अशी पाचर दिली, सीट केसभर उजवीकडे वळवली. गुडघा परत ओळंब्याच्या दोरीला चिकटून खालीवर होऊ लागला. “बघ,” तो म्हणाला, “पाय बरोबर आहे, सीट वाकडी होती.” बोलता बोलता ती म्हणाली, हल्ली पोहतानाही सरळ जात नाही मी, तलावातल्या बाजूच्या दोरीला जाऊन धडकते. “मान एकाच बाजूला वळवतेस श्वासाला,” हा म्हणाला. आता पोहण्यातलं याला शष्प कळत नव्हतं. पण विचारलं की उत्तर द्यायचं, ही दुकानदारांची खोड असते.

पुढे महिना-दीड महिन्याने तिची नवी तक्रार आली, की बूट पेडलमधून सुटत नाही. तो सोडवायला टाच बाहेरच्या बाजूला झटक्यात फिरवावी लागते. ती डावीकडून फिरेना. त्याने पेडलची स्प्रिंग सैल करून दिली आणि सांगितलं, “थांबताना उजवा पाय टेकत जा.” जन्मभर डावा टेकत आली होती ती. तिने आठ दिवसांत सवय बदलली. कार्डावर ओळ वाढली.

जी गोष्ट मिलिमीटरवाल्याला दिसली नाही ती त्याच्या बायकोला दिसली, तीही कशात, तर चपलेत. ढमी दुकानावरच्या त्यांच्या घराचा जिना चढताना तिला आवाज यायचा. एका पायाचा टप, दुसऱ्याचा टप-सर्र. एकदा ढमी आत बोलत बसली असताना बायकोने दारातली तिची चप्पल उचलून दुकानात आणली आणि नवऱ्यासमोर धरली. डावीचं टोक झिजून पार कागद झालं होतं.

“अहो, हे बघा. तिचा पाय ओढला जातोय.”

“चालायची ढब असते एकेकाची.”

“काल-परवापर्यंत नव्हती ही ढब. तिला डॉक्टरकडे न्या.”

“अगं, मी बघतोय ना तिचं. सगळं बसतंय व्यवस्थित.”

“तुम्ही सायकल बघताय,” बायको म्हणाली आणि चप्पल जागेवर ठेवून आली.

हा पुन्हा पान्याकडे वळला. राग आला होता त्याला, आणि राग येण्याचं कारण असं की मनात कुठेतरी त्यालाही ते पटलं होतं. पण ढमीला काही दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, असा त्याच्या धंद्याचा हिशोब. बावीस वर्षांत त्याच्याकडे आलेला प्रत्येक माणूस काहीतरी दुखतंय म्हणून आला होता आणि दुखायचं थांबलं म्हणून गेला होता. न दुखता बिघडणारं शरीर त्याने पाहिलंच नव्हतं.

मग नवी सायकल आली. म्हणजे सायकल नव्हे, खोकी आली. ट्रायथलॉनची सायकल तयार घ्यायची नाही, आपण बांधायची, हे त्यानेच ठरवलं होतं. बहिणीसाठी एवढं तरी. कार्बनची काळी फ्रेम बोटावर तोलावी इतकी हलकी. पुढच्या चिमट्याची वरची नळी कापताना त्याने तीन वेळा माप घेतलं, खुणेला चिकटपट्टी गुंडाळली, बारीक दातांची करवत लावली आणि धूळ नाकात जाऊ नये म्हणून पाणी सोडत सावकाश कापली. एकदा कापली की कापली, ती नळी परत वाढत नाही. ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा फ्रेमच्या पोटातून ओढताना त्याने दोऱ्याला लोहचुंबक बांधून अर्धा दिवस घालवला. प्रत्येक बोल्ट आकड्याच्या पान्याने, ठरल्या जोराएवढाच पिळला. जास्त पिळला तर कार्बन आतून तडकतं आणि वरून कळतही नाही. हे तो स्वतः प्रत्येक शिकाऊ गिऱ्हाइकाला सांगायचा. वरून कळत नाही, म्हणून जपायचं.

सायकल उभी राहिली तेव्हा तो तिच्यासमोर स्टूल घेऊन नुसता बसून राहिला. देखणी झाली होती. इतकं जीव ओतून काम त्याने पूर्वी केलं नव्हतं, आणि पुढेही केलं नाही.

ढमीला बसवायचा दिवस आला. या सायकलवर पुढे वाकून कोपरं दोन गाद्यांवर टेकायची, हात समोर लांब धरायचे, पाठ टेबलासारखी सपाट. बायकोही बघायला आली होती. ढमी वर बसली, पाठ सपाट झाली, आरशात बघून म्हणाली, “बाप रे, मीच का ही?” आणि पाय मारू लागली. उजवा पाय घड्याळासारखा. डावा वर येताना अडखळत होता, पाऊल लोंबत होतं.

त्याने पट्टी पाचाची केली. मग सहा. बुटात टाचेखाली फोम दिला. डाव्या पेडलचा दांडा काढून अडीच मिलिमीटर आखूड बसवला. सकाळचे साडेदहा वाजल्यापासून दुपारी दोनपर्यंत तो गुडघ्यावर होता. शेवटी सात मिलिमीटरवर पाय गोल फिरू लागला. आरशात काही म्हणता काही वाकडं दिसेना. बायको त्याआधीच उठून घरात गेली होती.

कार्ड पुरं करायला त्याने पुन्हा अंगाची मापं घेतली. ढमी उभ्याउभ्या गाणं गुणगुणत होती. उजवी मांडी साडेअठ्ठेचाळीस. डावी पंचेचाळीस. त्याने टेप सोडली, परत लावली. पंचेचाळीस. वर्षापूर्वीच्या ओळीवर दोन्ही सारख्या होत्या, अर्ध्याचाही फरक नव्हता.

साडेतीन सेंटीमीटर. जो माणूस दोन मिलिमीटरवर गावाशी भांडतो त्याला साडेतीन सेंटीमीटर म्हणजे काय हे दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. मांडी पट्टीने वाढत नाही, सीट सरकवून भरत नाही. त्याच्या सगळ्या खणांत या आकड्यावर उपाय नव्हता.

“काय रे, काय झालं?” ढमीने विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “झालं सगळं.”

आकडा मात्र त्याने लिहिला. खोटं लिहिणं त्याला जमायचं नाही. लिहिलं, तारीख घातली, कार्ड खणात सरकवलं आणि खण लावला. शर्यतीला आठ आठवडे उरले होते. आत्ता सांगितलं तर ती खचेल, शर्यत झाली की आपणच तिला घेऊन जाऊ, असं त्याने मनाशी ठरवलं. ठरवल्यावर त्याला थोडं हलकंही वाटलं. माणूस स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकतो ती अशी, भरल्या दुपारी, पूर्ण शुद्धीत.

पाच आठवडे ती त्या सायकलवर सुसाट फिरली. भेटेल त्याला सांगायची, माझ्या दादाने बांधलीय. सहाव्या आठवड्यात एका रविवारी सकाळी चौकात सिग्नल लागला. ती थांबली. उजवा पाय सोडवून टेकायचा, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं, पण रस्ता डावीकडे उतरता होता. सायकल डावीकडे कलली. डावा बूट पेडलमध्ये अडकलेला. तिने टाच फिरवली असेल, टाच फिरली नाही. उभ्या सायकलवरून ती डाव्या अंगावर पडली, मनगट मोडलं. पाहणारे म्हणाले, कुणाचा धक्का नाही, काही नाही, बाई उभ्या उभ्या पडली.

हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरने मनगट बांधून दिलं. मग त्याची नजर तिच्या पायाकडे गेली. त्याने नसांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी छोट्या हातोडीने गुडघ्यावर ठोकून पाहिलं, तळव्यावरून किल्ली ओढली, पाऊल वर कर म्हणाल्या. डावं पाऊल वर झालं नाही. ढमी हसली, म्हणाली, “थकलंय ते.” बाई हसल्या नाहीत. त्याच दुपारी तिला मशीनमध्ये घातलं. कमरेच्या थोडं वर, मणक्याच्या आत गाठ होती, सावकाश वाढणारी. कॅन्सर नव्हता. पण त्या गाठीने नसांचा दोर दाबून दाबून चपटा करून टाकला होता.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बोलावलं. “हे कधीपासून आहे? त्यांना नीट सांगता येत नाही. म्हणतात, काही त्रासच नव्हता, भाऊ बघत होता.”

तो दुकानात गेला, खण उघडला, कार्ड घेऊन आला. दुसरं काय करणार होता? बाईंनी चष्मा लावला आणि वाचू लागल्या. वाचता वाचता बसल्या. “हे कोणी लिहिलंय? कोणत्या फिजिओकडे जात होत्या?”

“मी लिहिलंय. मी सायकलवाला आहे.”

“अहो, तारीखवार सगळं आहे यात. पाऊल वळायला लागलं, मग थकायला लागलं, मग फिरेनासं झालं. आमच्याकडचे पेशंट इतकं नीट कधी सांगत नाहीत.” त्या मांडीच्या ओळीवर थांबल्या. वर त्याच्याकडे पाहिलं. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण त्याला तो ऐकू आला.

“बाई, मी तिला पहिल्यांदाच आणलं असतं तर?” त्याने विचारलं.

बाई तशा वाईट नव्हत्या, पण खोटं बोलायचं त्यांनाही जमत नसावं. “या पहिल्या तारखेला आल्या असत्या तर बहुधा चालत घरी गेल्या असत्या,” त्या म्हणाल्या. “या तिसऱ्या तारखेलासुद्धा बरंच वाचलं असतं. आता आम्ही वाढ थांबवू. गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही.” कार्डाची झेरॉक्स काढून त्यांनी फाइलला लावली आणि मूळ कार्ड त्याला परत दिलं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भांडली नाही, आणि तेच त्याला सहन झालं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “तिला तुम्ही सांगणार की मी सांगू?”

“मी सांगतो. पण ऑपरेशनआधी नको. खचेल ती.”

“हे शर्यतीआधी पण म्हणाला होतात का मनात?” बायकोने विचारलं.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. ढमीचा डावा पाय गेला तो गेलाच, उजव्यातलीही निम्मी ताकद ओसरली. आठ दिवस गेले, पंधरा गेले. सांगायचं म्हणून तो रोज यायचा आणि फळं ठेवून जायचा. आज ती झोपलीय, आज तिला ताप आहे, आज शेजारचे पाहुणे बसलेत. निमित्तांना काय तोटा. एकदा तर ओठापर्यंत आलं, तेवढ्यात तीच म्हणाली, “दादा, तू होतास म्हणून इतके दिवस तरी चालवली मी सायकल,” आणि त्याच्या हातावर हात ठेवला. तो बाहेर जाऊन जिन्यात बसून रडला. पन्नाशीचा बाप्या, ढसाढसा. येणारेजाणारे वळसा घालून जात होते.

तिसऱ्या आठवड्यात तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं. दुपारी तो गेला तेव्हा ती वॉर्डबाहेरच्या लांब व्हरांड्यात खिडकीशी होती. मांडीवर फाइल. वर झेरॉक्स उघडी. दुसऱ्या विभागात न्यायची म्हणून नर्सने फाइल तिच्याच हातात दिली होती.

“तुझं अक्षर लगेच ओळखू आलं,” ढमी म्हणाली.

तो उभाच राहिला. बसायचं धाडस होईना.

“वाच,” तिने कागद पुढे केला. “मोठ्याने वाच.”

“ढमे—”

“वाच दादा.”

त्याने वाचलं. पहिली तारीख. डावी टाच आत, पट्टी दोन.

“त्या दिवशी संध्याकाळी मी दहा किलोमीटर पळाले होते,” ती म्हणाली. “पुढे.”

दुसरी तारीख. पट्टी चार, पाचर, सीट उजवीकडे.

“त्या आठवड्यात मी तलावात पडलेल्या एका पोरीला वर काढलं. उडी मारून. पुढे.”

स्प्रिंग सैल. थांबताना उजवा पाय टेकणे.

“तेव्हा मी तुमचा जिना चढून वर येत होते. पुढे.”

त्याने पुढची ओळ वाचली. पट्टी सात. उजवी मांडी साडेअठ्ठेचाळीस, डावी पंचेचाळीस.

व्हरांड्याच्या टोकाला कुणीतरी बादली सरकवली. “त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, काय झालं म्हणून,” ती म्हणाली. “विचारलं होतं ना?”

“हो.”

“तू काही नाही म्हणालास.”

“हो.”

“तुला कळलं होतं?”

“कळलं होतं,” तो म्हणाला. “काय आहे ते नाही कळलं. पण हे माझ्या हातातलं नाही, एवढं कळलं होतं. मला वाटलं शर्यत होऊ दे. खरं सांगू? शर्यतही नाही. ती सायकल इतकी चांगली झाली होती, ढमे. तू तिच्यावर इतकी सुरेख बसली होतीस. मला ते मोडवेना.”

एवढं खरं तो आयुष्यात कुणाशी बोलला नव्हता. ढमीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण चेहरा हलला नाही. तलावावर शिट्टी वाजवायच्या आधी व्हायचा तसा तो घट्ट झाला होता. हा खाली बघू लागला, कारण वर बघणं शक्य नव्हतं. आणि खाली बघितल्यावर त्याला जे दिसायचं तेच दिसलं. खुर्चीचा डावा पायठेवा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली होता. तिचा पाय त्यावर पुरत नव्हता, घसरून बाजूला लोंबत होता. एका बोल्टचं काम. त्याचा हात आपोआप खिशात गेला, पाना बाहेर आला, आणि विचार करायच्या आत तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसलाही होता.

“काय करतोयस?”

“हे खाली आहे. दोन मिनिटांत वर घेतो. पाय नीट बसेल.”

“हात लावू नकोस.”

“अगं, दुखेल नाहीतर. बाजूने घासेल.”

“मला तिथे काही लागत नाही, दादा. दुखत नाही. हात काढ.”

त्याने हात काढला.

“लोंबतोय ना? लोंबू दे,” ती म्हणाली. “दिसू दे सगळ्यांना. यापुढे माझं जे वाकडं आहे ते तू सरळ करायचं नाहीस. तू उद्यापासून येऊ नकोस, वहिनीला पाठव.”

तो उठला. ती म्हणाली, तीन वाजता तिला खालच्या मजल्यावर व्यायामाला नेतात, माणूस येईल एवढ्यात. माणूस आला, खुर्ची वळवून घेऊन गेला. वाकून त्याने तिचा डावा पाय उचलून पायठेव्यावर ठेवला होता, पण लिफ्टपर्यंत पोचायच्या आत तो पुन्हा खाली आला. लिफ्टचं दार लागेपर्यंत हा तिथेच उभा होता.